एकशे बासष्ट अंश, तीस मिनिटं

मी एक रेष आहे. सहाशे वीस फूट लांब. रुंदी म्हणाल तर काहीच नाही, तरीही माझ्यावर पाय देताना माणसं जरा थबकतात. घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्याखाली, डांबरी रस्त्यापासून नाल्यापर्यंत मी उतरत जाते. माझ्या पूर्वेला सुखीबाईचं शेत, पश्चिमेला तिच्या धाकट्या भावाचं, देवीलालचं. मी त्या दोघांमधली हद्द.

रेषेला कसला आलाय जन्म, असं तुम्हाला वाटेल. मला मात्र माझा जन्म लख्ख आठवतो. छत्तीस वर्षं झाली. तेव्हा हे सगळं एकच शेत होतं आणि ते या दोघांच्या वडिलांचं, हिरासिंगचं होतं. सुखीबाईचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी तापानं गेला आणि कडेवरची बबिता घेऊन ती माहेरी तांड्यावर परत आली. त्याच सुमारास हिरासिंगनं नाल्याजवळ विहीर खणायला घेतली होती. सुखीबाई दोन उन्हाळे डोक्यावरून मुरूम वाहत राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं. त्यानंतर हिरासिंगनं ठरवलं, की शेताचा पूर्वेकडचा तुकडा पोरीच्या नावानं करून द्यायचा.

बक्षीसपत्र करायचं तर जमीन नीट मोजली पाहिजे, म्हणून मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या देवरावांना त्यानं बोलावलं. देवराव मोठे शिस्तीचे. तिकाटण्यावर होकायंत्र ठेवलं, एक डोळा मिटला आणि रस्त्याकडच्या दगडापासून नाल्याकडे पाहिलं. म्हणाले, "एकशे बासष्ट अंश."

"विहीर कोनाकडं जाते मंग?" हिरासिंगनं विचारलं.

"रेष विहिरीवरूनच जाऊन राह्यली. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. सामाईक लिहून टाकू."

"सामाईक नाही, साहेब. विहीर पोरीची. माती तिनं वाह्यली."

देवरावांनी पुन्हा डोळा लावला, नजर अगदी थोडी पश्चिमेला सरकवली आणि वहीत लिहिलं, 'उत्तरेपासून उजवीकडे १६२ अंश ३० मिनिटे, लांबी ६२० फूट.' विहीर माझ्यापासून फूटभर सुटली आणि पुरती सुखीबाईकडे गेली. मी जन्मले ती अशी. ती तीस मिनिटं म्हणजेच विहीर, हे त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चोवीस वर्षांचा देवीलाल तेव्हा टेपचं दुसरं टोक धरून उभा होता.

मग हिरासिंगनं मुलीला माझ्यावरून चालायला लावलं, रस्त्यापासून नाल्यापर्यंत. म्हणाला, "कागद तुले वाचता येत नाही. पायानं वाचून ठेव." सुखीबाई अनवाणी चालत गेली. विहीर तिच्या डाव्या हाताला राहिली.

बक्षीसपत्रात माझ्यासोबत आणखी तिघी लिहिल्या गेल्या. आम्ही चौघी मिळून सुखीबाईच्या शेताच्या चार बाजू. त्या तिघी पूर्ण अंशांवर बसल्या होत्या. अर्ध्यावर मी एकटीच. शेवटी लिहिलं होतं, 'वरील हद्दीतील विहीर व झाडांसह.' कागद नोंदला गेला, पत्र्याच्या पेटीत गेला, आणि जमिनीवर माझा धुरा, म्हणजे मातीचा बांध, उभा राहिला.

धुऱ्याचं आयुष्य साधं असतं. माझ्यावर तरोटा उगवला, बोरीची झुडपं आली, मुंगसांनी बिळं केली. माणसांचीही एक सवय मी पाहिली. नांगर वळवताना प्रत्येक जण बोटभर माझ्यात शिरतो. जाणूनबुजून शिरतो असं नाही, बैलांनाच वळायला जागा हवी असते. पण दुसऱ्यानं घेतलेलं बोट त्याला लगेच दिसतं आणि आपण घेतलेलं वर्षानुवर्षं दिसत नाही. सुखीबाई आणि देवीलालच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची बोटं सारखीच पडत गेली आणि मी जागच्या जागी राहिले.

हिरासिंग गेला, देवरावही गेले. सुखीबाईनं विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावली आणि दर बाजाराला घाटंजीला नेऊन विकली. बबिताचं लग्न होऊन ती महागावला गेली. देवीलालच्या बोअरला दोनदा दगडच लागला, पाणी नाही. उन्हाळ्यात त्याचं ओलिताचं पीक सुकायला लागलं, की तो माझ्यावर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई, दोन तास पानी देतं का?" थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणतो. सुखीबाई मोटार सुरू करून पाइप त्याच्याकडे वळवायची. तिनं नाही म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही. पण विचारण्याआधी तो माझ्यावर किती वेळ नुसता उभा असायचा, ते मला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी नाल्याला मोठा पूर आला. माझा खालचा दोनशे फूट धुरा वाहून गेला आणि नाल्याकडचा दगडही. तिथं नुसता सपाट गाळ उरला. दोन हंगाम दोघांनी अंदाजानं पेरलं. मग रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरांचा उपद्रव इतका वाढला, की देवीलालनं तारेचं कुंपण घालायचं ठरवलं. खांब कुठं रोवायचे हा प्रश्न आला. सुखीबाईनं पेटीतून बक्षीसपत्र काढून भावाच्या हातात ठेवलं. "बापूनं लिहून ठेवलं हाय. मोजून घे अन् घाल कुंपन."

अशी मी नसरीनकडे पोहोचले.

घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर वाहिदभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. सुखीबाईची मोटार जळली, की तिथंच यायची. नसरीन ही वाहिदभाईंची मुलगी. यवतमाळच्या आयटीआयमधून तिनं आरेखनाचं शिक्षण घेतलं होतं आणि दुकानाच्या पुढच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून घरांचे, प्लॉटांचे, शेतांचे नकाशे काढायला वर्षभरापूर्वीच सुरुवात केली होती. जुन्या कागदातले अंश वाचून हद्द काढायचं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

मुलगी काळजीनं काम करणारी. नकाशाचं सॉफ्टवेअर आपणहून कोन पूर्वेपासून मोजतं, डावीकडे. आमचे कोन उत्तरेपासून, उजवीकडे. इथं पुष्कळ जण घसरतात आणि शेतच्या शेत उताणं पडतं. नसरीननं ते आधीच पाहून दिशा बदलून घेतली. मग बक्षीसपत्र समोर ठेवून एकेक आकडा टाकायला लागली. लांबी सहाशे वीस. कोन... तिनं टाकलं, १६२.३०.

आणि मी पडद्यावर उमटले. माती नाही, तरोटा नाही. काळ्या पाटीवर एक पांढरी, सरळ रेष. इतकी नीटनेटकी मी आयुष्यात कधी नव्हते. पण उमटताक्षणी मला कळलं, की ही मी नव्हे.

घड्याळात साडेसात वाजले म्हणजे सात वाजून तीस मिनिटं झालेली असतात. पण कॉम्प्युटरला साडेसात सांगायचे तर सात पूर्णांक पाच म्हणावं लागतं, सात पूर्णांक तीस नाही. अंशांचंही तसंच. एका अंशात साठ मिनिटं, म्हणजे तीस मिनिटं हा अर्धा अंश. माझा आकडा हवा होता १६२.५. वरच्या टोकाला त्यानं काहीच फरक पडत नव्हता. पण खाली उतरता उतरता मी पूर्वेला कलत गेले, सुखीबाईच्या शेतात, आणि नाल्यापाशी माझ्या खऱ्या जागेपासून दोन फुटांवर जाऊन थांबले.

मागून त्या तिघी आल्या. चौथीनं परत येऊन माझ्या सुरुवातीच्या टोकाला मिळायला हवं होतं. ती मिळाली नाही. दोन फूट दोन इंच उरले. नसरीन त्या फटीकडे बराच वेळ बघत राहिली. आकडे पुन्हा वाचले, पुन्हा तेच टाकले. शेवटी स्वतःशीच म्हणाली, जुना टेप, जुना माणूस, एवढा फरक पडणारच. आणि माऊसनं चौथीचं टोक धरून ओढलं, माझ्या टोकाला चिकटवून टाकलं. नकाशातला चौकोन बंद झाला. छपाई झाली, खाली तिची सही आणि शिक्का पडला.

बाजाराच्या दिवशी नसरीन भाड्यानं आणलेलं मोजणीचं यंत्र घेऊन शेतावर गेली. सुखीबाई भाजी घेऊन बाजाराला गेलेली. नकाशाप्रमाणे खुंट्या ठोकत ठोकत नसरीन खाली उतरली, तर एक खुंटी थेट विहिरीच्या कठड्यावर आली. ती थांबली. "काका, विहीर सामाईक आहे का?"

देवीलाल कठड्यापाशी गेला. विहिरीत वाकून पाहिलं, जणू उत्तर तिथं होतं. मग म्हणाला, "कागदात जे निघते, तेच खरं."

नसरीननं कठड्यावर लाल खूण केली आणि खाली गाळात शेवटची खुंटी ठोकली.

संध्याकाळी सुखीबाई परतली. रिकाम्या टोपल्या बांधावर ठेवल्या आणि ती लाल खूण पाहिली. भावाजवळ जाऊन विचारलं, "भिया, ही खून विहिरीवर काहून?"

"नकाशात हाय. विहिरीत माहा वाटा निघते."

ती विहिरीपाशी गेली. वाकून कठड्यावरचा लाल रंग बोटानं पुसून पाहिला. तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती घाटंजीला आली. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसून होती. वाहिदभाईंना वाटलं, मोटार पुन्हा जळली. ती म्हणाली, "मोटार बरी हाय. मले पोरीशी बोलायचं हाय."

नसरीननं तिला खुर्ची दिली. "मावशी, बसा. काय झालं?"

"तू काहाडलेली रेष चुकली, बेटा."

"मावशी, मी तुमच्याच कागदावरून काढली. कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं काही करत नाही."

"कॉम्प्युटरचं मले नाही समजत. पन बापूनं मले त्या रेषेवरून चालवलं होतं. विहीर माह्या डाव्या हाताले होती. पुरी. मधात फूटभर जागा होती, एक माणूस उभा राहीन इतकी."

नसरीनला राग आला असावा. आपण एवढं शिकलो, आणि ही बाई पायानं मोजते. पण सुखीबाई भांडायला आली नव्हती, आणि तेच नसरीनला टोचलं असेल. तिनं फाइल उघडली. चौथीचं ओढून चिकटवलेलं टोक तिला दिसलं, आणि ते तिला चांगलंच आठवत होतं. मग बक्षीसपत्राची प्रत घेतली आणि माझी ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचली. "एकशे बासष्ट अंश तीस मिनिटे." 'मिनिटे' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

तिनं कीबोर्ड ओढला. १६२.३० खोडलं, १६२.५ लिहिलं.

मी हलले. वरचं टोक तिथंच, खालचं पश्चिमेला सरकलं. चिकटवलेली गाठ सोडून तिनं त्या तिघींना पुन्हा त्यांच्या त्यांच्या मापानं येऊ दिलं. चौथी आली आणि कुणी न ओढता माझ्या टोकाला टेकली. केसभरही फट उरली नाही. छत्तीस वर्षांपूर्वी देवरावांनी एक डोळा मिटून पाहिलेलं शेत जसंच्या तसं पडद्यावर उभं राहिलं.

नसरीननं पडदा सुखीबाईकडे वळवला. मग म्हणाली, "मावशी, तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

"मंग दुसरा नकाशा काहाडून दे."

"देते. पण पहिल्यावर माझी सही आहे आणि तो काकांकडे आहे. आज ते खड्डे खोदायला लावणार होते."

वाहिदभाई मागं उभे राहून ऐकत होते. हातातलं तांब्याच्या तारेचं भेंडोळं त्यांनी खाली ठेवलं. "मी गुंडाळलेली मोटार शेतात बंद पडली, तर गिऱ्हाइकाले इथं बोलावतो का मी? जातो न तिथं. चल. यंत्र घे, नवा नकाशा घे. मी ऑटो काढतो."

"अब्बा, लोक काय म्हणतील? सालभर नाही झालं मला काम सुरू करून."

"म्हणतील. बेटा, सही तुझी हाय. सांगावं पन तुलेच लागीन."

तिघं शेतावर पोहोचली तेव्हा विहिरीच्या अलीकडे चार खड्डे खोदून झाले होते. खोदणारे पळसाच्या सावलीत बसले होते. देवीलालनं ऑटोतून बहिणीला उतरताना पाहिलं आणि तो ताठ झाला.

नसरीन सरळ त्याच्यासमोर गेली. नवा नकाशा पुढे केला. "काका, मी नकाशा चुकीचा काढला. कागदात तीस मिनिटं होती, मी ती दशांशात टाकली. रेष दोन फूट पूर्वेला गेली. हा बरोबर नकाशा. जुना मला परत द्या."

"कागदावर सही तुझीच होती न?"

"माझीच होती."

"काल एक रेष, आज दुसरी. उद्या तिसरी काहाडशीन. मी कोनती खरी मानू?"

नसरीननं यंत्राची पेटी उचलली. ती म्हणाली, "पुन्हा मोजून दाखवते. तुमच्यासमोर." रस्त्याकडच्या दगडावर तिनं यंत्र उभं केलं. आता नाल्याकडे आरसा लावलेली काठी कुणीतरी धरून उभं राहायला हवं होतं. वाहिदभाईंनी काठी उचलली. देवीलालनं ती त्यांच्या हातातून घेतली.

आणि तो चालत निघाला. नसरीन वरून हातानं खुणा करत होती, पण त्यानं मागं वळून पाहिलंच नाही. विहिरीच्या पश्चिमेनं, फूटभर अंतर सोडून, तो गाळातून सरळ खाली गेला आणि नाल्याच्या काठी एका जागी थांबला. तिथं काहीच खूण नव्हती. सुखीबाई आणि वाहिदभाई त्याच्यामागून आले. त्यानं काठी सुखीबाईच्या हातात दिली, खोदणाऱ्यांची सब्बल मागून घेतली आणि स्वतःच खणायला लागला. हातभर गाळ निघाला, मग वाळू. त्याखाली काळं काहीतरी लागलं. ते मूठभर घेऊन त्यानं बहिणीसमोर धरलं. कोळसा होता.

"देवरावकाकानं दगडाखाली कोळसा भरलता," तो म्हणाला. "कोळसा सडत नाही म्हने. चुलीतून मीच आनून देल्लता."

वरून नसरीननं आकडा वाचला. नव्या नकाशातलं टोक आणि तो खड्डा यांत चार बोटांचं अंतर होतं.

सुखीबाई कोळशाकडे पाहत होती. "तुले ठाऊक होतं."

"होतं."

"काल खुंटी ठोकली तवाही ठाऊक होतं."

"होतं, बाई."

"मी पान्याले कधी नाही म्हनलं का तुले?"

"नाही म्हनलं. कधीच नाही." त्यानं हात धोतराला पुसले. "पन दरसाल मागाव लागते. साठीचा झालो मी. बहिनीच्या धुऱ्यावर जाऊन उभं राहाव लागते. नकाशा पाह्यला अन् वाटलं, आपल्याले काही करावच नाही लागलं, कागदानंच देल्लं. म्हून गप्प राह्यलो."

सुखीबाईनं आरशाची काठी वाहिदभाईंकडे दिली आणि ती घराकडे चालू लागली. त्या दिवशी ती भावाशी आणखी एक शब्दही बोलली नाही. पुढचे दोन महिनेही बोलली नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

खड्डे बुजवले गेले. देवीलालनं खांब माझ्यावर, माझ्या खऱ्या जागेवर रोवले. कोळशाच्या खड्ड्यात नवा दगड बसवला. जुना नकाशा नसरीनला परत केला. तिनं तो फाडला नाही. चुकलेल्या आकड्याभोवती लाल गोल काढून दुकानात कॉम्प्युटरच्या वर चिकटवला. काही गिऱ्हाइकं तो वाचून निघून गेली. काही थांबली. आता कुणी जुना कागद घेऊन आलं, की ती आधी विचारते, या शेतावर सगळ्यात जास्त कोण चाललंय? त्यांनाही सोबत आणा.

उन्हाळा लागला आणि देवीलालची ज्वारी पिवळी पडायला लागली. तो माझ्यापाशी आला नाही. एका सकाळी सुखीबाईच तारेजवळ आली आणि तिनं रुखमाबाईला, देवीलालच्या बायकोला हाक मारली. म्हणाली, "भियाले सांग, जमिनीतून पाइप टाकून घे म्हना. तोटी तुमच्याकडं ठेवा. लागीन तवा उघडा. मले विचारायले येऊ नका."

पाइप माझ्या खालून गेला आहे, दीड हात खोल.

मागच्या महिन्यात देवीलाल एकटाच नसरीनच्या दुकानात गेला. नकाशावर तो पाइप दाखवायचा म्हणाला. नसरीननं सांगितलं, "काका, हद्दीच्या नकाशात पाइप दाखवत नाहीत. तो कायद्याचा भाग नाही."

"कायद्यासाठी नाही. आमी मेल्यावर पोराइले समजावं, का हे पानी बाईनं देल्लं."

तिनं एक निळी तुटक रेष काढली. विहिरीपासून निघून ती मला ओलांडते आणि देवीलालच्या शेतात जाते. तिच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'सुखीबाई यांच्या संमतीने.' देवीलालनं ते दोनदा वाचून घेतलं.

आज मी अशी आहे. जमिनीवर चौसष्ट खांब आणि चार पदरी तार. कॉम्प्युटरमध्ये एक पांढरी रेष, योग्य आकड्याची. तुमच्याही घरी पत्र्याच्या पेटीत एखादा जुना कागद असेल आणि त्यात माझ्यासारखी एखादी लिहिलेली असेल. तिला बाहेर काढाल तेव्हा अंशांमागची मिनिटं सावकाश वाचा. टोक जुळत नसेल तर ओढून जुळवू नका. ते तुम्हाला काहीतरी सांगत असतं. आणि तिच्यावरून चाललेलं कुणी अजून हयात असेल, तर त्यांना आधी विचारा.

येते आता. सुखीबाईनं मोटार सुरू केली आहे, आणि पलीकडे कुणीतरी तोटी उघडतंय.